चूलबंद आवतण

शुक्रवार, ९ मे २००३

पोचलो एकदाचा! मागं ट्रेलर, पुढं घाटाची वळणं आणि मधे अस्मादिक. मंचरच्या चौकात कांद्याच्या ट्रकांनी असा काही वेढा घातला की वाटलं, आजचा मुक्काम इथंच. पण नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात उभी जवानी टेम्पोवर काढलेल्या माणसाला ट्रॅफिक शिकवू नये. एका रिक्षावाल्याला आरसा घासू न देता बाहेर पडलो. त्यानं वळून बघितलं सुद्धा. मला बरं वाटलं.

ही डायरी बोरावकेसाहेबांनी दिली. ते पुण्यातल्या टूरवाल्या कंपनीचे मालक. म्हणाले, सुदर्शन, रोज काय बघितलं ते लिहीत जा. आरती ऐकून हसत सुटली. म्हणाली, लग्नाला दहा वर्षं झाली, ह्यांनी किराणाची चिठ्ठी कधी लिहिली नाही. आता लिहितोय, बाईसाहेब. बघाच.

तर काम असं आहे. साहेब मागच्या वर्षी अमेरिकेला जाऊन आले. तिथं म्हणे लोक गाडीमागं एक खोली जोडतात आणि डोंगरातल्या तळ्याकाठी जाऊन राहतात. नळ नाही, लाईट नाही, संडास नाही. याला ते प्रिमिटिव्ह कॅम्पिंग म्हणतात आणि त्याचे पैसे मोजतात. मी म्हणालो, साहेब, वारूळवाडीत आमचं सगळं बालपण प्रिमिटिव्हच गेलं, कुणी पावती फाडली नाही. साहेब हसले, पण थोडंच. त्यांनी भोसरीतून एक ट्रेलर बनवून आणलाय. दोन चाकांवर पत्र्याचा डबा, आत दोन बाकं, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी, खिडक्यांना जाळ्या. कंपनीच्या जीपला तो जोडायचा आणि कुंभेरी धरणाच्या काठानं हिंडून चांगल्या जागा हेरायच्या. साहेबांना जागा पसंत पडल्या की नोकरी कायम. आरतीनं त्यासाठी सोमवार धरलेत.

आजची रात्र धरणाजवळच्या वरच्या वाडीत, शाळेच्या पटांगणात. हवा गार आहे. ट्रेलरमध्ये झोपणारा मी आमच्या घराण्यातला पहिलाच.

शनिवार, १० मे

जागा शोधणं म्हणजे मुलगी बघण्यापेक्षा अवघड. नुसती दिसायला बरी असून भागत नाही. ट्रेलर वळला पाहिजे, जमिनीनं चाक धरलं पाहिजे, पाणी जवळ पाहिजे पण अंगावर नको. पहिली जागा धरणाच्या भिंतीजवळची, तिथून वॉचमननं हाकललं. दुसरी जांभळीखाली, सावली झकास, पण मुंगळे इतके की पायजम्यात शिरून त्यांनीच मला हाकललं.

यंदा दुष्काळ. धरणाचं पाणी पार खाली गेलंय आणि तळाची जमीन उघडी पडलीय. त्या गाळावर लोक काकडी, भुईमूग घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. तिथं एक म्हातारा-म्हातारी भेटली, गेणूबाबा आणि साळुबाई. साळुबाईंनी विळ्यानं काकडी चिरून मीठ लावून हातावर ठेवली. धरण व्हायच्या आधी दोघं खालच्या जुन्या कुंभेरी गावात राहायची, आता वरच्या वाडीत. मी विचारलं, तिकडं पाण्याजवळ ती सपाट जागा दिसतेय, तिथवर गाडी जाईल का.

 मग गेणूबाबा म्हणाले, जावा की, पर दिस कलायच्या आत वर या. आणि काय वाटंल ते करा, भाऊ, पर तितं चूल पेटवू नका. ते स्वतः भाकरी वरून बांधून आणतात. गाळात उतरल्यावर बिडीसुद्धा ओढत नाहीत. का, ते सांगेनात. साळुबाई नुसत्या काकडीवर मीठ घालत राहिल्या.

जागा जाऊन बघितली. काय सांगू! जमीन टणक आणि पाटासारखी सपाट, समोर पाणी, पलीकडं डोंगर. साहेब नाचतील. उद्या ट्रेलर खाली.

रविवार, ११ मे

ट्रेलर मागं घेताना स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं. डबा डावीकडं न्यायचा तर चाक उजवीकडं. चांगले चांगले ड्रायव्हर इथं गाढव ठरतात. मी एका दमात लावला. बघायला गेणूबाबा हवे होते, पण ते आज गाळात आलेच नाहीत.

मग चहा टाकला. गेणूबाबांना हो म्हटलं होतं, मान्य. पण ते चुलीबद्दल बोलले. गॅसच्या शेगडीला चूल कोण म्हणतं? आलं घालून दोन कप प्यायलो. पाण्याकडे तोंड करून, पाय पसरून. वाटलं, आपण काही वाईट नाही चाललो आयुष्यात.

वरच्या वाडीत जाऊन आरतीला फोन केला. म्हटलं, पुढच्या रविवारी तू आणि श्रेया या. आरतीच्या भावाची, संपतची जीप आहेच. वाडीत उतरा आणि माझ्या टायरच्या खुणा धरून सरळ खाली चालत या. श्रेयाची शाळा सुटलीय, चौथीला पहिली आलीय. तिनं आईच्या हातून फोन ओढून घेतला आणि विचारलं, चाकं असलेल्या घरात झोपलं तर सकाळी दुसऱ्या गावाला जाग येते का. म्हटलं, तूच येऊन बघ.

सोमवार, १२ मे

पाणी आणखी ओसरलंय. सकाळी दात घासत हिंडलो तर गाळातून दगडांच्या ओळी वर आलेल्या. घरांची जोती आहेत ती. एक बोळ, दोन्ही बाजूंना घरं, पुढं देवळाचा चौथरा. आपण जुन्या कुंभेरीच्या मधोमध राहतोय हे तेव्हा कळलं. जागा एवढी सपाट का, तेही कळलं. माझा ट्रेलर कुणाच्या तरी अंगणात उभा आहे. दारासमोर जमिनीत पुरलेलं उखळ आहे, मी काल त्यात चहाचा चोथा टाकला होता. काढून टाकला. बरं नाही वाटलं.

साहेबांच्या गिऱ्हाइकांना हे आवडेल की नाही, विचारावं लागेल. मला तरी काही वावगं वाटत नाही. दगड ते दगड.

ऊन उतरल्यावर एक गृहस्थ आले. स्वच्छ धोतर, फेटा, वय साठीचं. वाडीतले असणार. अंगणाच्या कडेलाच थांबले, आत आले नाहीत. आपलं नाव हौशीराम सांगितलं. म्हणाले, भैरोबाचा उत्सव हाय, तुमाला चूलबंद आवतण द्याया आलोय.

मला गंमतच वाटली. हल्ली पत्रिका छापतात, चूलबंद आवतण देणारा माणूस किती वर्षांनी बघितला. आमच्याकडे लहानपणी असायचं. साधं आवतण असेल तर घरातला एक जण जाऊन जेवून येतो. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूलच पेटवायची नाही, होता नव्हता तेवढा माणूस पंगतीला गेला पाहिजे. मी म्हणालो, अहो, मी बाहेरचा, चार दिवसांचा पाहुणा. तर म्हणाले, चूल पेटली न्हवं तुमची? मंग तुमी गावचंच.

मग विचारलं, घरात मान्सं किती. मी कौतुकानं सांगितलं, मी, मंडळी आणि आमची श्रेया. त्या दोघी रविवारी येणार आहेत. त्यांचा चेहरा असा काही उजळला! म्हणाले, मंग पंगत रईवारीच बसवू, पावणं. लई दिस थांबलोय, आनखी थोडं. मी हात जोडून येतो म्हणालो. आलेलं आवतण नाकारायचं नसतं, एवढं वळण आम्हाला आहे. श्रेयाला खरी गावपंगत बघायला मिळेल, पत्रावळीवर जेवायला मिळेल. पुण्याच्या साहेबाला हे पैसे देऊन मिळायचं नाही.

ते गेल्यावर पाहिलं, ते उभे होते तिथली माती ओली होती.

मंगळवार, १३ मे

सकाळी गॅस पेटेना. सिलिंडर भरलेला, वास येतोय, काडी ओढली तर काडीच पेटत नाही. दुसरी, तिसरी, अख्खी पेटी संपवली. नुसता गुलाचा चुरा. दमट हवा म्हणून स्वतःवरच हसलो आणि चहाच्या आशेनं गाळपेरीकडं चालत गेलो.

साळुबाईंनी वरून आणलेला चहा किटलीतून ओतून दिला. मी सहज म्हटलं, तुमच्या वाडीतले हौशीराम येऊन आवतण देऊन गेले, माणूस मोठा मोकळा. साळुबाईंच्या हातातली किटली खाली पडली. गेणूबाबांनी मला दोनदा विचारलं, फेटा होता का, आणि तू हो म्हणालास का. मी दोन्हीला हो म्हणालो. 

मग जे कळलं ते असं. धरणाची भिंत पुरी झाली त्या वर्षी गाव उठलं. पण काही घरं म्हणाली, भैरोबाची शेवटची पंगत जुन्या जागेवर घालू आणि मग निघू. हौशीराम दरवर्षी आवतण द्यायचे, त्या वर्षीही त्यांनीच दिलं. सगळ्यांनी चुली विझवल्या. पानं मांडली, माणसं बसली, आणि वरच्या डोंगरात पाऊस कोसळला. भिंतीनं अडवलेलं पाणी मागून गावात शिरलं. कुणी ओरडलं, उठा. हौशीराम म्हणाले, पंगत अर्ध्यातून उठत न्हाई, वाढून होऊ द्या. जी उठली ती वाचली. साळुबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, आमी उठलो, बाबा. आमची पानं मोकळीच राह्यली.

तेव्हापासून ते लोक उपाशी बसलेत. पंगत भरल्याशिवाय वाढायचं नाही, आणि पंगत भरत नाही. पाणी ओसरलं की ते माणसं मोजतात. म्हणून तिथं कुणी चूल पेटवत नाही. चूल पेटली की ते घर झालं, आणि घराला आवतण येतं.

आता आरतीला आणि श्रेयाला मी त्यात मोजून बसलोय. माझ्या तोंडानं.

गेणूबाबा म्हणाले, उजेड हाय तवर गाडी काढ आन् घर गाठ. रईवारी बायकापोरीला हिकडं फिरकू दिऊ नको. मी वाडीत जाऊन फोन करणार होतो. पण म्हटलं, फोन कशाला, संध्याकाळी मी स्वतःच घरी असेन. आणि कंपनीची जीप, कंपनीचा ट्रेलर सोडून कसा जाऊ? धावत खाली आलो.

जीप सुरू होत नाही. स्टार्टर फिरतो, इंजिन धरत नाही. या जागेत ठिणगीच पडत नाही. ट्रेलर सोडून पायी निघालो, टायरच्या खुणा धरून वर. चढ चढलो, दम लागला, मान वर केली तर समोर ट्रेलर. पुन्हा निघालो. पुन्हा ट्रेलर.

बुधवार, १४ मे

उजाडल्यापासून चालतोय. बांधावरून गेलो, दगडांवरून गेलो, ओढ्यातून गेलो. कुठूनही निघालो तरी शेवटी तो बोळ, ते अंगण, ते उखळ.

दुपारी गेणूबाबा आणि साळुबाई गाळपेरीत आले. हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरावर होते. मी ओरडलो. शर्ट काढून हवेत फिरवला. जीपचा हॉर्न दाबून धरला. बाबा कपाळावर हात धरून इकडंच बघत होते. थेट माझ्याकडं. मग साळुबाईंना म्हणाले, आणि मला अगदी स्पष्ट ऐकू आलं, म्हणाले, गेला बग पोरगा गाडी घिऊन. सुटला बिचारा. साळुबाईंनी डोंगराकडं बघून हात जोडले.

त्यांना मी दिसत नाही. ट्रेलर दिसत नाही. त्यांच्या लेखी मी घरी पोचलो. रविवारी वाडीत आरती उतरली तर तिला अडवायला कुणी येणार नाही. कोण कशाला येईल!

ओरडून घसा बसलाय. बसून रडलो. लाज कसली त्यात.

गुरुवार, १५ मे

जोत्यांवर भिंती आल्यात. कालपर्यंत नव्हत्या. मातीच्या, ओल्या. बोळात बायका सडा घालतायत. माझ्याकडं बघून हसतात, घरच्यासारख्या. कुणी वाईट बोलत नाही. त्याचीच जास्त भीती वाटते.

हौशीराम अंगणाशी आले. मी विचारलं, ते दोघं मला का बघू शकले नाहीत. म्हणाले, आवतण आसंल त्यालाच गाव दिसतंय. उठून गेल्याला पुन्हा आवतण नसतंय. मी म्हणालो, मग माझ्या बायकोला काही दिसणार नाही, ती परत जाईल. हौशीराम समजुतीनं हसले. तुमीच तर सांगितलं न्हवं, तीन मान्सं. त्यास्नी आवतण पोचलं की.

मी म्हटलं, मी एकटा बसतो, त्यांना सोडा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. म्हणाले, लई भूक लागलीय वो, पावणं. तीनच पानं मोकळी राह्यलीत. बाकीची भरली वरसावरसाला.

म्हणजे आधीही कुणीतरी—

संध्याकाळी भान आलं तर मी हातात खराटा घेऊन देवळापुढचं पटांगण झाडत होतो. कधी घेतला, कुणी दिला, आठवत नाही. लिहायला बसलो की मात्र हात माझा असतो. म्हणून लिहितोय. उगाच काहीही. वारूळवाडी. आमचं घर. दारात शेवगा. आरतीची शिवणाची मशीन. श्रेया.

शुक्रवार, १६ मे

पाण्यातून जाऊन बघितलं. पोहत पलीकडच्या काठाला लागलो. वर आलो तो याच अंगणात.

बिस्किटं गाळासारखी लागतात. आणि देवळाकडून मासवड्यांचा वास येतोय. चुली नसताना. आईच्या हातच्या मासवडीचा वास. 

एक म्हातारी आली. मायेनं विचारलं, पोरीचा पाट आईशेजारी मांडू का बापाशेजारी? ल्हान हाय, घाबरंल.

माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, आमच्याकडं सुतक आहे! आम्हाला पंगतीला बसता येत नाही!

आणि सगळं थांबलं. झाडणाऱ्या बायका, पत्रावळ्या लावणारी माणसं, सगळी. सुतकातला माणूस देवाच्या पंगतीला चालत नाही. त्याला कुणी पान मांडत नाही. आवतण आपोआप मोडतं. हे मला आधी सुचलं कसं नाही? हौशीराम जवळ आले. खरंच घाबरले होते. विचारलं, कोन गेलं?

मी म्हणालो, आत्या. ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग हळूच म्हणाले, खोटं सुतक भैरोबाला चालत न्हाई, भाऊ.

आणि पुन्हा झाडायला लागली सगळी.

शनिवार, १७ मे

म्हणजे खरं सुतक चालतं.

सकाळपासून हेच एक डोक्यात. घरातलं कुणी गेलं की घर सुटतं. आरती आणि श्रेया सुटतात. आणि आमच्या घरात गेला तर चालेल असा एकच आहे.

हौशीरामना विचारलं. त्यांच्यापासून लपवून काय करू? त्यांनाही खोटं बोलता येत नाही असं दिसतं. पंगतीतला घास घेतला की माणूस आमचा, म्हणाले. मग त्याच्या घराला सुतक. मी म्हटलं, मग आत्ताच वाढा. ते मान हलवून म्हणाले, वाढतो की. पर सुतक कळल्याबिगर लागत न्हाई, पावणं. तुमच्यात बी तसंच हाय न्हवं?

आहे. आमच्यातही तसंच आहे. लांबच्या गावी कुणी गेलं तर बातमी येईपर्यंत घर शुद्ध. कळलं त्या क्षणापासून सुतक. मी आज गेलो तर आरतीला कळणारच नाही. ती उद्या हसत हसत खाली येईल, अंगणात पाय टाकेल आणि तिचं पान मांडलेलं असेल.

तिनं बघायला पाहिजे. तिच्या डोळ्यांदेखत. पण अंगणात पाय टाकायच्या आत.

श्रेयानं मात्र बघायला नको. आरती तिला कडेवर घेत नाही आता, पण हात धरून चालेल. आरतीनं माझ्याकडं बघितलं की मी खूण करेन, ती श्रेयाचं तोंड फिरवेल. आरतीला खुणेचं कळतं. दहा वर्षं झाली.

एकटीनं कसं करेल सगळं. मशीन आहे. संपत आहे. करेल. माझ्यापेक्षा शहाणी आहे.

आरती, मला माफ कर. पंगतीला येतो म्हणालो होतो, कौतुकानं म्हणालो होतो.

रविवार, १८ मे

पानं मांडली. रांग देवळापासून माझ्या अंगणापर्यंत. सगळे बसलेत. ओले कपडे. माझ्या दोन्ही बाजूंना एकेक पाट मोकळा.

वाढलंय माझ्या पानावर. हौशीरामनी स्वतः वाढलं. आरतीनं बघितल्यावरच घास घेणार, ही माझी अट ऐकून सगळे थांबलेत. कुणी घाई करत नाही. नुसते बघतात माझ्या पानाकडं.

डाव्या हातानं लिहितोय. उजव्यात घास आहे. लिहायचं थांबलो की उजवा हात तोंडाकडं जातो. आधी नको. ती दिसेपर्यंत नको.

ऊन चढलं. कुणी नाही. येऊच नका. संपतची जीप बंद पडू दे. देवा, कळंबच्या पुढं टायर फुटू दे—

वाडीतून हॉर्न.

आल्या. उतारावर दोघी. आरतीनं हिरवी साडी नेसलीय. डोक्यावर डबा घेतलाय, माझ्यासाठी आणला असणार. टायरच्या खुणा बघत बघत येतेय. मान खाली.

मान वर कर ना. आरती—

आवाज निघत नाही. ओरडतोय, निघत नाही.

ती थांबली. चप्पल. चप्पल तुटली तिची. खाली बसलीय, पाठ इकडं—

श्रेया एकटी पुढं निघाली. धावतेय. हात सोडून धावतेय. ट्रेलर दिसला तिला. बाबा म्हणून हाक मारतेय, हसतेय—

म्हातारीनं पाट पुसला.

आरती वळ. वळ. बघ इकडं एकदाच—

नाही बघत. श्रेया बोळात आली. आता आरती नाही, आता हिनंच—

नको होतं हे. तू नको होतीस बघायला. पण आता तूच. थांब तिथंच, बाळा. आत नको येऊस. माझ्याकडं बघ. असं. डोळे मिटू नकोस, बघ, बाबा काय खातो ते नीट ब